विश्लेषण : हिमनदीपर्यंतच्या पदभ्रमणाचे नियोजन कुठे चुकते? मालाड ते गोमुख-तपोवन मोहिमेचे गणित काय सांगते?

मालाडच्या पश्चिमेला मार्वे-अक्साचा समुद्र आणि पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या. पावसाळ्यात सह्याद्रीतले किल्ले पालथे घालणाऱ्या पश्चिम उपनगरांतील अनेकांना पुढची ओढ असते ती हिमालयाची आणि त्यातही हिमनदीची. बूट, जॅकेट, पाठपिशवी यांची खरेदी महिनाभर आधी सुरू होते. पण मोहीम किती दिवसांची, हा प्रश्न मात्र बहुतेकदा कार्यालयातल्या शिल्लक रजेवरून ठरतो. हिमालयातील पदभ्रमणाच्या नियोजनात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ती का आणि कशी टाळता येईल, हे गंगोत्री-गोमुख-तपोवन या परिचित मार्गाच्या आधारे पाहू.

सह्याद्रीतला सराव हिमालयात पुरेसा का ठरत नाही?

राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. गंगोत्रीच्या वाटेवरचे हर्षिल हे गावच त्याहून जवळपास एक हजार मीटर उंचावर आहे. गंगोत्रीची उंची सुमारे ३,१०० मीटर, भोजबासाची सुमारे ३,८०० आणि तपोवनाची सुमारे ४,४५० मीटर. भोजबासाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्के आणि तपोवनाला ६० टक्क्यांहूनही कमी असतो. हवेत प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू घटतो.

सह्याद्रीत कमावलेला दमसास चढण चढायला उपयोगी पडतो. विरळ हवेशी जुळवून घेण्यासाठी मात्र शरीराला वेळ लागतो आणि हा वेळ तंदुरुस्तीने कमी होत नाही. उलट तंदुरुस्त तरुण भरभर वर जातात आणि त्यामुळे त्यांना त्रास होण्याची शक्यता वाढते. मालाडच्या विसाव्या मजल्यापर्यंत रोज पाठीवर वजन घेऊन जिने चढणाऱ्यालाही भोजबासाला डोकेदुखी गाठू शकते आणि त्याच्या मागून रेंगाळत आलेला सोबती ठणठणीत असू शकतो.

उंची वाढवण्याचा नियम काय?

पर्वतीय वैद्यकातील सर्वसाधारण सूत्र असे, की सुमारे ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा मुक्काम करावा. दिवसा याहून उंच जाऊन रात्री खाली झोपायला येणे चालते. ते शरीराला उपयोगाचेही असते.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, चक्कर, न जाणारा थकवा ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे. ती दिसली की पुढे चढायचे नाही आणि वाढली तर खाली उतरायचे. बसल्या जागी धाप लागणे व सतत खोकला हे फुप्फुसात पाणी भरत असल्याचे, तर झोकांड्या जाणे व बोलण्यात असंबद्धता येणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते. या दोन्ही स्थितींत उजाडायची वाट न पाहता रुग्णाला खाली न्यावे लागते. सोबत प्राणवायू असेल तर तो लावायचा, पण त्यामुळे उतरणे लांबणीवर टाकायचे नाही. डायमॉक्सच्या नावाने ओळखले जाणारे औषध त्रास टाळायला मदत करते. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायला हवे. सल्फा औषधांची ॲलर्जी, आधीचे आजार आणि सुरू असलेली औषधे डॉक्टरांना सांगणे गरजेचे असते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करणेही धोक्याचे.

लक्षणे लपवणे हा आणखी वेगळा धोका. इतके पैसे भरले, इतकी रजा घेतली, आपल्यामुळे गट थांबायला नको, या विचाराने अनेक जण वेदनाशामक गोळी घेऊन गप्प बसतात. वेळापत्रकात एकही मोकळा दिवस नसेल, तर हा दबाव वाढतो.

नऊ दिवसांत गोमुख-तपोवन का बसत नाही?

शनिवारी निघून पुढच्या रविवारी परतायचे, म्हणजे पाच दिवसांच्या रजेत नऊ दिवस मिळतात. वांद्रे टर्मिनसहून सुटून बोरिवलीला थांबणारी हरिद्वारची गाडी घेतली, तर जाण्या-येण्यात चार दिवस धरावे लागतात. हरिद्वार ते उत्तरकाशी आणि तेथून पुढे सुमारे १०० किलोमीटरवरची गंगोत्री, हा डोंगरी रस्ता जाताना दोन आणि येताना दोन दिवस घेतो. हाती उरतो एक दिवस. गंगोत्री ते गोमुख अंतर एकेरी सुमारे १८ किलोमीटर आहे. ते जाऊन-येऊन करायलाच घाईघाईत दोन-तीन दिवस लागतात.

मग काटछाट सुरू होते. देहरादूनपर्यंत विमान, तेथून एका दिवसात गंगोत्री आणि दुसऱ्या सकाळी भोजबासाची वाट. कागदावर हे जमते. प्रत्यक्षात समुद्रकिनाऱ्याजवळ राहणारा माणूस ४८ तासांच्या आत ३,८०० मीटरवर झोपायला पोहोचलेला असतो.

त्याऐवजी शनिवार ते तिसरा रविवार, असा १६ दिवसांचा आराखडा पाहा. पहिले दोन दिवस रेल्वे. तिसऱ्या दिवशी सुमारे १,१५० मीटरवरच्या उत्तरकाशीत मुक्काम, चौथ्या दिवशी सुमारे २,६०० मीटरवर हर्षिल, पाचव्या दिवशी गंगोत्री. सहावा दिवस गंगोत्रीतच, थोडे वर फिरून खाली येण्यासाठी. सातव्या दिवशी भोजबासा. येथे मुक्कामाची उंची एकदम ७०० मीटरने वाढते, म्हणूनच आदला विश्रांतीचा दिवस टाळायचा नाही आणि भोजबासाला लगेच दुसरा मुक्कामही करायचा. आठव्या दिवशी गोमुख पाहून पुन्हा भोजबासा. प्रकृती, हवामान आणि परवानगी तिन्ही अनुकूल असतील तरच नवव्या दिवशी तपोवनाला जाऊन परत. दहाव्या दिवशी गंगोत्री. अकरावा आणि बारावा दिवस राखीव. तेराव्या दिवशी उत्तरकाशी, चौदाव्या दिवशी हरिद्वार आणि शेवटचे दोन दिवस रेल्वे.

यासाठी दहा दिवसांची रजा लागते. तेवढी मिळत नसेल तर तपोवन वगळून, उंचीने कमी असलेला दुसरा मार्ग निवडणे शहाणपणाचे. कुमाऊंमधील पिंडारी हिमनदीचा ‘झिरो पॉइंट’ सुमारे ३,६६० मीटरवर असून वाटेतल्या मुक्कामांची उंची तुलनेने बेताने वाढते.

राखीव दिवस कशासाठी?

ते वाया जाणारे दिवस मानले जातात आणि सर्वात आधी तेच कापले जातात. गंगोत्रीच्या रस्त्यावर दरडी कोसळून वाहतूक तासन्‌तास, कधी काही दिवस थांबते. ५ ऑगस्ट २०२५ रोजी याच रस्त्यावरील धराली गावावर चिखल-पाण्याचा लोंढा कोसळला. रस्ता तुटला आणि महाराष्ट्रातून गेलेले पर्यटकही त्या परिसरात अडकले.

वरच्या भागात प्रश्न हवामानाचा असतो. ऑक्टोबर २०२१मध्ये उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशात अवेळी मुसळधार पाऊस व बर्फवृष्टी झाली. त्या महिन्यात हिमाचलमधील साडेचार हजार मीटरहून उंच बुरान खिंडीत बर्फात सापडलेल्या गटातील महाराष्ट्राच्या तिघांचा मृत्यू झाला. जून २०२४मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल मार्गावर खराब हवामानात अडकलेल्या कर्नाटकच्या गटातील नऊ जण दगावले. हा तर हंगामाचा महिना मानला जातो. अशा वेळी तंबूत एक दिवस थांबण्याची किंवा मागे फिरण्याची मोकळीक गटाला असावी लागते. परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे असेल तर ती मोकळीक उरत नाही.

हिमनदीवर नेमका धोका कोणता?

गोमुखापर्यंतची वाट नदीकाठची पायवाट आहे. त्यापुढे तपोवनाकडे जाताना सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीच्या मुखाकडील भाग ओलांडावा लागतो. येथे पांढरेशुभ्र बर्फाचे मैदान नसते. दगडधोंड्यांच्या ढिगाऱ्यांखाली बर्फ असतो आणि तो सतत सरकत, वितळत असतो. त्यामुळे गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असे नाही. ऊन वाढले की दगड निखळू लागतात आणि बर्फ वितळून ओढ्यांचे पाणी दुपारनंतर चढते. म्हणून पहाटे निघणे आणि ओढे सकाळीच ओलांडणे हा येथला साधा नियम आहे.

अधिक उंचीवर, ताज्या बर्फाने झाकलेल्या हिमनदीत भेगा दिसत नाहीत. मुंबईचे ज्येष्ठ गिर्यारोहक हरीश कपाडिया १९७४मध्ये नंदादेवी परिसरातील मोहिमेत अशाच भेगेत कोसळले. कमरेच्या सांध्याला जबर दुखापत झालेल्या कपाडियांना सहकाऱ्यांनी १३ दिवस वाहून तळछावणीपर्यंत आणले आणि तेथून हेलिकॉप्टरने हलवले. पुन्हा नीट चालू लागायला त्यांना सुमारे दोन वर्षे लागली. पुढे याच कपाडियांनी हिमालयाच्या कानाकोपऱ्यात भ्रमंती केली आणि २००३मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचे पदक मिळाले. अनुभवी सहकारी सोबत असतानाही सुटका इतकी अवघड असते.

भेगा असलेल्या हिमनदीवर दोराला बांधून चालणे आणि अडकलेल्याला बाहेर काढणे हे कौशल्य शिकूनच यावे लागते. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट अशा संस्थांत साधारण चार आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण मिळते. अर्थात प्रशिक्षणामुळे धोका संपत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू संस्थेच्याच प्रशिक्षण तुकडीवर हिमप्रपात कोसळून मोठी जीवितहानी झाली.

हिमनद्या वितळण्याचा पदभ्रमणाशी काय संबंध?

काठमांडूस्थित ‘इसिमोड’ या संस्थेच्या २०२३च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने वितळल्या. पदभ्रमण करणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की जुनी प्रवासवर्णने, नकाशे आणि मोबाइलमध्ये उतरवलेल्या वाटा यांवर पूर्ण विसंबता येत नाही. हिमनदीचे मुख मागे सरकते, काठ खचतात, नव्या ठिकाणी पाणी साठते. त्याच आठवड्यात वर जाऊन आलेल्या स्थानिक वाटाड्याची माहिती सर्वात मोलाची.

परवानगी आणि संपर्काचे काय?

गोमुखाचा मार्ग गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जातो. दिवसाला १५० जणांनाच प्रवेशाची मर्यादा आहे. त्यामुळे परवाना न काढता गंगोत्री गाठली आणि कोटा संपलेला असला, तर राखीव दिवस तेथेच खर्च होतात. तपोवनासाठीचे नियम वेगळे असून ते बदलत असतात. तिकीट काढण्याआधीच उत्तरकाशीच्या वन विभागाकडे खात्री करून घ्यावी. सीमेलगतच्या काही खोऱ्यांत भारतीयांनाही इनर लाइन परवाना लागतो.

गंगोत्रीच्या पुढे मोबाइल चालेल असे गृहीत धरू नये. त्यावर उपाय म्हणून परदेशातून आणलेला उपग्रह फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण नेण्याचा मोह होतो. पण परवानगीशिवाय ते बाळगणे भारतात गुन्हा ठरतो. सह्याद्रीत कोणी अडकले तर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत जवळचे गिर्यारोहक स्वयंसेवक मदतीला धावतात. हिमालयात खबर खाली पोहोचायलाच दिवस लागू शकतो आणि हेलिकॉप्टर ढगाळ हवेत येऊ शकत नाही. नेहमीच्या आरोग्य विम्यात साहसी खेळ व सुटकेचा खर्च बहुधा धरलेला नसतो, त्यामुळे पॉलिसीतील अटी वाचणे भाग आहे.

आयोजकाला काय विचारावे?

जेवण कसे असेल, तंबूत किती जण असतील, हे सगळेच विचारतात. त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. किती जणांमागे एक प्रशिक्षित वाटाड्या असेल? प्राणवायूचा सिलिंडर आणि स्ट्रेचर सोबत असेल का? एखाद्याला रात्री खाली न्यावे लागले तर त्याच्यासोबत कोण जाईल आणि उरलेल्या गटाकडे कोण पाहील? मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा? भारवाहकांचा विमा काढला आहे का, त्यांना बर्फातले बूट व गरम कपडे दिले आहेत का? वेळापत्रकात राखीव दिवस किती? शेवटच्या प्रश्नाला ‘एकही नाही’ असे उत्तर आले, तर स्वस्त दिसणारी सहल पुन्हा तपासून पाहावी.

निघण्यापूर्वी घरी एक कागद ठेवून जाणेही तितकेच महत्त्वाचे. त्यावर मार्ग, रोजचे मुक्काम, सोबत्यांचे व वाटाड्याचे क्रमांक, रक्तगट आणि सुरू असलेली औषधे लिहिलेली असावीत. खाली उतरून फोन येण्याची अपेक्षित तारीख राखीव दिवस धरूनच लिहावी. ती उलटून गेल्यास उत्तरकाशीच्या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला कळवायचे, हेही त्यात असावे. म्हणजे दोन दिवस फोन आला नाही म्हणून घरचे घाबरणार नाहीत आणि खरेच मदत लागली तर उशीरही होणार नाही.