रॉकेलवरची पाणबुडी

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये जर्मनीच्या नौदलाची पहिली पाणबुडी, यू-१, ठेवलेली आहे. बघणाऱ्यांच्या सोयीसाठी तिच्या कुशीचा पत्रा कापून काढलाय, त्यामुळे आतलं सगळं उघड्यावर दिसतं. कामानिमित्त त्या शहरात गेलो होतो तेव्हा एक सुट्टीचा दिवस मी तिच्यासमोर घालवला. बाकीची मंडळी टॉर्पेडोच्या नळीपाशी गर्दी करून होती. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये शिकून पुढे वाळूजला प्रेशर व्हेसलच्या कामात मुरलेल्या माणसाची नजर मात्र आधी शेलवर जाते.

आमच्या टाकीत दाब आतून असतो. पत्रा रोल करताना गोलाईत जरा कसर राहिली, तरी आतला दाब तिला गोल करायलाच बघतो. पाणबुडीचं उलटं. दाब बाहेरून येतो, आणि जिथे गोलाई चुकली असेल तिथेच पत्र्याला आणखी आत ढकलतो. वाफ भरलेल्या डब्याला बूच लावून वरून गार पाणी ओतलं की डबा चेमटतो, तसं. म्हणून शेलला ठरावीक अंतरावर रिंगा असतात. दहा मीटर खोलीला चौरस सेंटीमीटरमागे एक किलो, या हिशेबाने यू-१ च्या तीस मीटरला तीन किलो दाब झाला. आमच्या एअर रिसीव्हरलाही त्याहून जास्त असतो. पण ही बांधणी १९०६ सालची, वेल्डिंगच्या आधीची. रिव्हेट तापवायचा, ठोकायचा, मग पत्र्याची कड छिन्नीने दाबून पाणी अडवायचं. एक्सरे नाही, काही नाही. कारागिराचा कान हीच तपासणी.

कीलच्या क्रुपच्या गेर्मानिया गोदीत ती बांधली गेली. आराखडा द'एक्वेव्ही या स्पॅनिश अभियंत्याचा. त्याने आधी त्याच गोदीत रशियासाठी तीन पाणबुड्या बांधल्या होत्या. यू-१ त्यांचीच सुधारलेली बहीण: ४२ मीटर लांब, दाब सोसणाऱ्या शेलभोवती दुसरं हलकं कवच, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत पाणी घ्यायच्या टाक्या. १४ डिसेंबर १९०६ ला ती नौदलात आली.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते इंजिनापाशी. कॉर्टिंग कंपनीची दोन इंजिनं, प्रत्येकी २०० अश्वशक्तीची, आणि दोन्ही चालायची रॉकेलवर. पेट्रोलची वाफ बंद नळकांड्यात माणसं मारणार आणि पाणबुडीत घालण्याइतकं भरवशाचं डिझेल इंजिन जर्मनांकडे तेव्हा नव्हतं, म्हणून हा मधला मार्ग. पण रॉकेलच्या इंजिनाचे नखरे फार. फेरे कमी-जास्त करता येत नसत, म्हणून वेग बदलायला पंख्याची पातीच फिरवायची. शिवाय पांढरा धूर असा निघे की लपायचं यंत्र लांबून दिसावं. पाण्याखाली गेल्यावर बॅटरी आणि विजेच्या मोटारी.

अशा बोटीला लढाईत पाठवणं म्हणजे माणसं घालवणं. पहिल्या महायुद्धात यू-१ ने शिकवण्याचं काम केलं. शत्रूचं एकही जहाज तिच्या नावावर नाही, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, वजन कुठे हलवायचं, हे पुस्तकातून येत नाही.

ते किती खरं, हे यू-९ ने दाखवलं. तीही रॉकेलवरच चालायची. २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी तिचा कप्तान ओटो वेडिगन याने दीडेक तासात आबूकिर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या; साडेचौदाशेच्या आसपास माणसं गेली. होगवर पुढून दोन टॉर्पेडो एकदम सुटले तसं नाक हलकं होऊन बोट वर उसळली. मग खलाशांनाच आत पुढे-मागे पळवून तोल सांभाळला. टॉर्पेडो पाण्याखालीच पुन्हा भरायची तालीम त्यांनी आधी केलेली होती. एवढ्या मृत्यूंचं कौतुक करवत नाही, पण हातांची तयारी मात्र नाकारता येत नाही.

आपल्या मुंबईची गोष्ट याच कीलला येऊन मिळते. ११ डिसेंबर १९८१ ला भारताने कीलच्याच एचडीडब्ल्यू गोदीशी चार पाणबुड्यांचा करार केला: दोन तिकडे बांधायच्या, दोन माझगाव डॉकमध्ये. इथली माणसं कीलला जाऊन शिकून आली. ‘शाल्की’ ७ फेब्रुवारी १९९२ ला नौदलात दाखल झाली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. तिची खोली सांगतात २६० मीटर, म्हणजे २६ किलो, तेही बाहेरून. जाड, चिवट पोलाद आधी तापवून घ्यायचं, रूट रनपासून, म्हणजे तळच्या पहिल्या थरापासून, प्रत्येक थर ग्राइंड करून पुढे जायचं, जोड नापास झाला तर खरवडून पुन्हा. वाळूजला पातळ पत्र्यावर हात बसलेल्या वेल्डरला त्या कामावर उभं करायला किती महिने लागतील, हे मी सांगू शकतो. म्हणून पुढचं जास्त लागतं. १९९४ मध्ये ‘शाल्की’ची धाकटी बहीण ‘शंकुल’ आली आणि काम थांबलं. दलालीच्या वादात पुढच्या दोन पाणबुड्या अडकल्या, त्या झाल्याच नाहीत. शिकलेले हात दुसऱ्या कामांना लागले.

नवा करार झाला २००५ मध्ये, फ्रेंचांशी. त्यातली पहिली ‘कलवरी’ २०१७ ला नौदलात आली, तारीख पुन्हा १४ डिसेंबर. दरम्यान शेल रोल करण्यापासून वेल्डर पास करण्यापर्यंत माझगावला बरंच नव्याने उभं करावं लागलं. आता कीलच्या त्याच गोदीच्या वारसदार कंपनीला सोबत घेऊन आणखी सहा पाणबुड्यांसाठी माझगावची संरक्षण मंत्रालयाशी बोलणी २०२५ मध्ये सुरू झाली. ‘शाल्की’चे जोड भरणारे वेल्डर बहुतेक निवृत्त झालेत.