न्यूट्रलचा नफा आणि दोरखंडाचा कायदा

घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, यावर आपल्याकडे श्रद्धाच आहे. घडतं नेमकं उलट! गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की आजची इंजिनं इंधन तोडतात. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला चालू राहण्यासाठी पुन्हा इंधन लागतं. म्हणजे पैसेही गेले आणि आंबेनळी घाटाच्या उतारावर सगळा भार बिचाऱ्या ब्रेकवर. जुने ड्रायव्हर सांगतात तेच खरं: ज्या गिअरात चढाल, त्याच गिअरात उतरा.

बरं, ते ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, हे ठाऊक आहे? डॉट 3 प्रतीचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यायल्यावर हीच मर्यादा 140 पर्यंत घसरू शकते. उकळलं की वाफ, आणि पेडल थेट तळाला. दोन पावसाळे झाले की बदलून टाका.

वऱ्हाडाची व्हॅन म्हणजे ‘अजून दोघं बसतील’चा कारखाना. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2001 मध्ये 15 आसनी व्हॅनबद्दल सावध केलं होतं: दहा किंवा जास्त माणसं बसली, की एकट्या गाडीच्या अपघातात ती उलटण्याचं प्रमाण कमी भरलेल्या व्हॅनच्या जवळपास तिप्पट. कारण साधं आहे. माणसं वाढली की वजनाचा मध्य वर आणि मागे सरकतो. म्हणून माणसं कमी असतील तर आधी पुढच्या सीटा भरा, आणि रुखवताच्या ट्रंका कॅरियरवर चढवू नका. मामा रुसले तरी चालतील.

मारुतीची ओम्नी (1984 ते 2019) आठवते? हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांची लाडकी! तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. पुढे बॉनेटच नाही, त्यामुळे समोरून धडक बसली तर पहिला मान चालकाच्या गुडघ्यांचा.

पुलावरून पाणी जातंय? साधारण फूटभर वाहतं पाणी बहुतेक छोट्या गाड्या वाहून नेऊ शकतं. पुढचा ट्रक गेला, म्हणून आपणही जायचं नसतं.

आता दोरखंड. बंद पडलेली गाडी ओढताना दोन गाड्यांमधलं अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, असं आपला नियम सांगतो. पण खरी गंमत मागच्या गाडीत असते. इंजिन बंद, म्हणजे ब्रेकला मिळणारी मदत बंद आणि पॉवर स्टिअरिंगही बंद. पाय दुप्पट जोराने दाबावा लागतो, हात दगडासारखं चाक फिरवतात. किल्ली काढून खिशात टाकली, तर स्टिअरिंग लॉक होऊन बसतं! म्हणून ओढल्या जाणाऱ्या गाडीतही पक्का ड्रायव्हरच बसवा, पुतण्या नव्हे. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर दोर गुंडाळून ठेवा आणि ट्रकवर चढवणारी सेवा बोलवा.

एक शेवटचं. दोर अडकवायचा हूक टूलकिटमध्ये वेगळा दिलेला असतो, आणि काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. तो बसत नसेल तर हातोडा शोधू नका, डावीकडे फिरवून बघा.