जॉब धरतो कसा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत फेटलिंगवर, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या कामावर असलेल्या माणसाला चष्म्याचा नंबर लागला, तर पॉलिकार्बोनेटच्या काचा घ्याव्यात. कपची उडून आदळली तरी त्या सहसा फुटत नाहीत. पण चष्म्याच्या लॅबमधल्या एजिंग मशीनचा खरा कस पाहतात त्या याच काचा.

नंबरची काच लॅबमध्ये गोल येते. ती फ्रेमच्या आकारात कापायची आणि खाचेत बसेल अशी कडेला निमुळती धार काढायची, हे एजिंग मशीनचं काम. पूर्वी प्रत्येक आकाराचा फर्मा लावावा लागे. आता ट्रेसरची सुई फ्रेमच्या खाचेतून फिरून आकार टिपते आणि त्याप्रमाणे मशीन काच घासतं.

अस्सल काचेला हिऱ्याच्या कणांचं चाक लागतं आणि सतत पाणी. दुकानात ज्याला ‘फायबर’ म्हणतात ते सीआर-३९ घासलं की त्याची भुकटी पडते. पॉलिकार्बोनेटचं तसं नाही. सुमारे १५० अंश सेल्सिअसला ते मऊ पडतं, त्याचे चिवट दोरे निघतात आणि कडेला चिकटून बसतात. म्हणून पहिली कापणी कोरडी, पाणी फक्त शेवटच्या हाताला. ही सोय नसलेलं मशीन स्वस्त मिळालं तरी कोल्हापुरात घेऊ नये. इथलं गिऱ्हाईक कारखान्यातलं आहे.

एक काच किती सेकंदांत निघते, हे मशीनचा विक्रेता आधी सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला टर्नर मात्र विचारील, जॉब, म्हणजे घडवायची वस्तू, धरतो कसा? नेमका तोच प्रश्न विचारायला हवा. काचेवर चिकटपट्टीने ठोकळा बसवतात आणि तो चकमध्ये पकडतात. हल्ली काचांवर पाणी न टिकू देणारा गुळगुळीत थर असतो, त्यावर चिकटपट्टीही नीट टिकत नाही. चाकाचा दाब आला की काच किंचित फिरते. पकड आवळावी, तर पातळ काचेवरच्या कोटिंगला तडे जातात. तेव्हा चकचा दाब काचेनुसार कमी-जास्त करता येतो का, हे स्वतः काच कापून पाहावं.

किंचित फिरल्याने काय बिघडतं? साध्या गोल नंबरला फारसं नाही. सिलिंडरच्या नंबरला मात्र अ‍ॅक्सिस, म्हणजे ठरलेला कोन असतो. तो १५ अंश चुकला, तर सिलिंडरच्या नंबराच्या जवळपास निम्मा दोष उरतो. ३० अंश चुकला, तर उरलेला दोष मूळ नंबराइतकाच! २ नंबरच्या सिलिंडरमध्ये नुसते ५ अंश हलले, तरी सुमारे ०.३५ चा दोष राहतो. मग डोकं दुखतं आणि बोल लागतो तो नंबर काढणाऱ्याला.

रिमलेससाठी भोकं पाडणारं महागडं मशीन मात्र प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. तसं काम थोडंच असेल, तर ते बाहेर द्यावं. वाचलेल्या पैशांत पाण्यासाठी चांगली गाळटाकी बसवावी. प्लास्टिकचा तो चुरा गटारात सोडायचा नसतो, पंचगंगेला आधीच पुष्कळ सोसावं लागतं.

आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर सिलिंडरचा नवा चष्मा घेताना तो काचेचा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर ठेवायला सांगा आणि अ‍ॅक्सिस डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. मिनिटभराचं काम आहे.