लवकर गुण येतो, म्हणून मलम चांगले?

भंडाऱ्यातले मेडिकल असो की लाखनी-साकोलीच्या बाजारातले जनरल स्टोअर, तेलकट आणि मुरूम येणाऱ्या चेहऱ्यासाठी काही मागणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : याने किती दिवसांत फरक पडेल? प्रश्न स्वाभाविक आहे, पण मुरुमांच्या बाबतीत याच्याइतका फसवा निकष दुसरा नाही. चार दिवसांत चेहरा पालटून दाखवणाऱ्या मलमाविषयी आधी शंका घ्यावी. जे खरोखर काम करते त्याला आठ ते बारा आठवडे द्यावेच लागतात. असे का, हे मुरूम तयार कसा होतो ते पाहिले की कळते, आणि तेलकट त्वचेविषयीचे बाकीचे बरेच गैरसमजही त्याच ओघात गळून पडतात.

पहिला गैरसमज असा की मुरूम म्हणजे साचलेली घाण. प्रत्यक्षात केसाच्या मुळाशी असलेली तेलग्रंथी वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे अधिक तेल स्रवू लागते. त्याच वेळी छिद्रातल्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि छिद्र बुजते. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात, दाह होतो, आणि मग आपल्याला लाल फोड दिसतो. म्हणजे आज दिसणाऱ्या मुरुमाची सुरुवात काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नसून हवेच्या संपर्कात आलेल्या तेलाचा आणि मेलॅनिनचा असतो. म्हणून दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुतल्याने किंवा अक्रोडाच्या टरफलांच्या स्क्रबने घासल्याने मूळ प्रक्रियेला धक्काही लागत नाही. उलट त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण पाच पीएचचा असतो, तर नेहमीचा साबण नऊ-दहा पीएचचा. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो, त्यालाच लोक स्वच्छता समजतात; खरे तर ती त्वचेचे संरक्षक आवरण दुखावल्याची खूण असते. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा, शिवाय खूप घाम आल्यावर एकदा धुणे पुरेसे आहे. मुलतानी मातीचेही तसेच. ती वरवरचे तेल शोषून घेते, ग्रंथीवर तिचा काही परिणाम होत नाही.

दुसरा गैरसमज, जितके तीव्र तितके गुणकारी. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे जुने आणि स्वस्त औषध २.५, ५ आणि १० टक्के अशा प्रमाणांत मिळते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तिन्हींची तुलना झाली, तेव्हा दाहयुक्त मुरूम कमी करण्यात २.५ टक्क्यांचे जेल १० टक्क्यांच्या तोडीचे ठरले. जळजळ आणि सालपटे निघणे मात्र १० टक्क्यांच्या जेलपेक्षा कमी. छिद्रे मोकळी ठेवणारे ॲडापॅलीन आणि तेलात विरघळून छिद्रात उतरणारे सॅलिसिलिक ॲसिड यांनीही सुरुवातीला त्वचा कोरडी पडते. अशा वेळी “तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला?” हा प्रश्न नेमका उलटा आहे. हलके, जेल किंवा लोशनच्या रूपातले मॉइश्चरायझर लावले नाही, तर कोरडेपणाला कंटाळून लोक दुसऱ्याच आठवड्यात औषध सोडतात आणि “यानेही काही झाले नाही” म्हणतात. मॉइश्चरायझर निवडताना ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रे न बुजवणारे) हा शब्द पाहावा, पण तो हमी मानू नये. या कल्पनेमागच्या जुन्या चाचण्या सशाच्या कानावर झाल्या होत्या, आणि सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त संवेदनशील असतो.

मग चार दिवसांत गुण देते ते काय असते? बहुतेकदा स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी द्रव्ये दाह झपाट्याने दाबतात, लाली उतरवतात, चेहरा उजळ दाखवतात. वापर थांबताच मुरूम दुप्पट जोमाने उसळतात, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो, आणि काही महिन्यांत त्वचा पातळ होऊन लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइड लावत होते. त्यांतल्या सुमारे २४ टक्क्यांनी ते मुरुमांसाठीच वापरले होते, आणि ५९ टक्क्यांना ते डॉक्टरखेरीज इतर कोणीतरी सुचवले होते. “पण डॉक्टरही स्टिरॉइड देतातच ना?” देतात, इसब किंवा सोरायसिससारख्या आजारांत, ठरावीक मुदतीसाठी आणि देखरेखीखाली. मुरुमांवरचे ते औषध नव्हे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’ या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली, ती याच गैरवापरामुळे. ट्यूबवर ‘आरएक्स’ अशी खूण असेल, तर चिठ्ठीशिवाय ती घेऊ नये, दुकानदार देत असला तरीही.

मुरूम गेले तरी आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळे डाग मागे राहतात आणि त्या डागांपायी माणूस गोरेपणाच्या क्रीमकडे वळतो. इथे धोका त्वचेपुरता राहत नाही. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला उजेडात आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा कारण निघाले तिघी वापरत असलेल्या क्रीममधला पारा. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून गोरेपणा लवकर दिसतो; पण तो त्वचेतून रक्तात शिरतो. डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली, तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार नकळत मिसळलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली डबी, मग ती ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळो की पार्लरमधून, चेहऱ्याला लावूच नये. घरगुती म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. लिंबाचा रस सुमारे दोन पीएचचा असतो. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून नवे डाग पडू शकतात.

डागांवरचा खरा उपाय म्हणजे ऊन टाळणे, आणि भंडारा जिल्ह्यात त्याला विशेष अर्थ आहे. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पाठोपाठ रोवणीचे दमट दिवस येतात. सनस्क्रीनने चेहरा आणखी चिपचिपीत होतो ही तक्रार रास्त आहे, पण तिचे उत्तर जेल किंवा पाण्यासारख्या पातळ स्वरूपाचे ३० एसपीएफचे सनस्क्रीन हे आहे, सनस्क्रीन सोडणे नव्हे. उन्हासाठी गुंडाळलेला स्कार्फ घामाने ओला होऊन गालांवर घासत राहतो, तेव्हा तो रोज धुतलेला असावा. कपाळावर आणि कानशिलांवरच मुरूम येत असतील, तर आधी केसांचे तेल पाहावे. ते ओघळून छिद्रे बुजवते. अशा मुरुमांची नोंद वैद्यकात १९७० पासून आहे, आणि महागड्या फेसवॉशपेक्षा डोक्याला तेल कमी लावण्याने ते जास्त सुधारतात.

राहिला खर्चाचा आणि त्वचारोगतज्ज्ञ जवळ नसण्याचा आक्षेप. पण सौम्य मुरुमांना लागते ते थोडेच : एक सौम्य फेसवॉश, एक हलके मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि डॉक्टर वा फार्मासिस्टला विचारून घेतलेले एक औषध. बेन्झॉइल पेरॉक्साइडने उशीचे अभ्रे आणि ओढण्यांचा रंग उडतो, गरोदरपणात ॲडापॅलीन टाळायचे असते, एवढे ध्यानात ठेवावे. मोठ्या दुखऱ्या गाठी, खड्डे पडणे, किंवा मुरुमांसोबत पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर केस वाढणे, हे दिसले तर दुकानातले काहीही घेण्याआधी डॉक्टर गाठावा. त्यासाठी सरकारी रुग्णालय आहे, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो, आणि २०२४ मध्ये भंडाऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. बाकीच्यांनी एकच औषध किमान आठ आठवडे न बदलता लावावे. दर पंधरवड्याला नवी ट्यूब घेणाऱ्याचा खर्च जास्त होतो, आणि कोणत्या औषधाने गुण आला असता हे त्याला कधीच कळत नाही.