पिशवीवरचा आळ

पावसाळा ओसरू लागला म्हणजे आमच्या शाळेमागच्या परसबागेत विज्ञानाचा तास सकाळी सातच्या आत भरतो. कारण लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटून जाते, व त्याच्या या शिरस्त्यापुढे शाळेच्या वेळापत्रकाचा काही इलाज चालत नाही. कुंपणालगत झेंडू, तुळस आणि सब्जा, २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेल्या राणी पाकोळीने अंडी घालावीत म्हणून कोपऱ्यात लावलेले लिंबाचे झाड, आणि मधोमध भोपळ्याचा वेल, एवढाच या बागेचा सरंजाम.

सडपातळ, लांब देठावरचे फूल नर आणि बुडाशी इवलासा भोपळा घेऊन आलेले फूल मादी, हे मी दाखवले, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, भोपळा तर आधीच आहे, मग माशीचं काम काय?"

उत्तर पुस्तकात होते. परंतु ते वाचून न दाखवता त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या तीन मादी कळ्यांवर आम्ही मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि तीन उघड्या ठेवल्या. वेल कधी कधी आपण होऊन फळ टाकतो, तेव्हा एकाच कळीचा दाखला ग्राह्य धरता येत नाही. पहाटे एक सातेरी माशी नर फुलात शिरली, आणि तळाचा मध चोखून बाहेर आली तेव्हा तिची पाठ हळद लागल्यासारखी पिवळी झाली होती. तशीच ती शेजारच्या मादी फुलात उतरली, आणि तेथील कुक्षीवर राहिलेले परागकण मुलांनी भिंगातून एकेक करून पाहिले. हे कण जड व चिकट असल्यामुळे वाऱ्याच्या हाती लागत नाहीत, हे फुंकर मारून त्यांनीच ठरवले.

चार-पाच दिवसांत पिशवीतले तिन्ही इवले भोपळे पिवळे पडून गळाले. मुले आनंदली, परंतु त्या मुलीचे समाधान झाले नाही. "पिशवीत कोंडून गुदमरले असतील," ती म्हणाली. विज्ञानाची खरी दीक्षा या एका शंकेत आहे, असे मी मानतो. कारण हाती आलेल्या निष्कर्षावरही फिर्याद गुदरण्याचे धैर्य ज्याला लाभले, त्याला पाठांतराची गरज उरत नाही.

पुन्हा तीन कळ्या बांधल्या. पहाटे तिने स्वतः पिशव्या सोडल्या, अशाच झाकून ठेवलेल्या नर फुलांच्या पाकळ्या काढून त्यांतील पराग कुक्षीवर हलकेच फिरवला, आणि पिशव्या पूर्ववत बांधल्या. आठवड्याभरात तीनपैकी दोन भोपळे मलमल ताणू लागले. वहीत त्या दिवसाच्या रकान्यात तिने लिहिले होते: "पिशवी निर्दोष. पराग पोचला नव्हता."