गाडी सजवा, पण साडीगार्ड राहू द्या

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला आमची एक सदस्य उशिरा आली. पदर फाटलेला, गळ्यावर लाल वळ. लेकाच्या गाडीवर मागे बसून तेलगावला येत होती. चौकाजवळ गाडी हळू झालेली होती म्हणून बरं. पदर मागच्या चाकात गेला, ती ओरडली, पोरानं ब्रेक दाबला. अडकलेला पदर शेवटी विळ्यानं कापून काढावा लागला. गाडी बघितली तर साडीगार्ड नाहीच. पोरगं खाली मान घालून म्हणालं, "ते बायकी दिसतं, म्हणून काढलं." ती गाडी गटाच्या कर्जातून घेतलेली, आणि हप्ते ही माऊलीच भरते.

आपल्याकडं गाडी घरी आली की आठवड्यात तिचं रूप पालटतं. रेडियमच्या पट्ट्या, टाकीवर नाव, हँडलला गोंडे. याला माझी काही हरकत नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, बेगड लावतो, झूल घालतो, पण वेसण काढून टाकत नाही. पोरं मात्र मोठ्या रेसच्या गाड्यांसारखं मागचं चाक उघडं दिसावं म्हणून साडीगार्ड काढतात, मागचा मडगार्ड कापतात, साखळीचं कव्हर फेकतात. या तिन्ही वस्तू चालवणाऱ्यापेक्षा मागं बसणारीच्या कामाच्या, म्हणून त्याला त्यांची आठवण येत नाही.

गाडी ताशी चाळीसच्या वेगानं चालली असेल तर मागचं चाक एका सेकंदात साधारण सहा वेळा फिरतं. चाकाच्या मधल्या हबचा घेर दीड फूट धरा. पदराचं टोक तिथं गुंडाळायला लागलं तर एका सेकंदात नऊ फूट कापड आत जातं, म्हणजे पाचवारी साडीचा निम्मा भाग. ओरडायला वेळ मिळत नाही. ओढणी गळ्याभोवती असेल तर सरळ फास बसतो. आपण बहुतेक जणी डाव्या बाजूला पाय सोडून बसतो, म्हणून साडीगार्ड डावीकडं असतं.

ही कंपनीनं हौसेनं दिलेली वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागं बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण लागतं. कपडे चाकात अडकू नयेत हे कारणसुद्धा त्या नियमातच लिहिलेलं आहे. म्हणजे आपल्या साडीचा विचार कायद्यानं केलाय, घरातल्यांनी केला नाही.

दंडाचंही सांगते. आरसीवर जे तपशील आहेत त्याहून गाडी वेगळी करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचं कलम वेगळं, तिथं दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो. गाडी तुमच्या नावावर असेल तर विचार करा. रंगही आरसीवर लिहिलेला असतो, म्हणून सगळी गाडी दुसऱ्या रंगात रंगवायची असेल तर आधी आरटीओकडं नोंद करावी लागते. चार पट्ट्या चिकटवल्यानं काही होत नाही.

आता काढलेलं गार्ड परत कसं बसवायचं ते ऐका. बहुतेक घरांत ते माळवदावर नाहीतर गोठ्यात पडलेलं असतं. हरवलं असेल तर त्याच मॉडेलचं घ्या, काही शे रुपयांत मिळतं. दुसऱ्या मॉडेलचं ठोकून बसवू नका. दोन-तीन बोल्टांचं काम आहे. बोल्टाखाली स्प्रिंग वायसर घाला, आपल्या रस्त्यांवर साधा बोल्ट महिन्यात ढिला होतो. मग गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, चाक हातानं फिरवा. कुठं घासायला नको. खाली उतरवून दोघांनी गाडीवर बसून पुन्हा बघा, कारण वजनानं शॉकअप दबतात आणि मोकळं फिरणारं चाक तेव्हा घासू शकतं.

गंजलं असेल तर पोराच्याच हातून रंगवून घ्या, म्हणजे त्याची हौसही भागते. पॉलिश पेपरनं गंज घासायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं, रेड ऑक्साइडचा एक हात द्यायचा. तो वाळला की स्प्रेचा डबा चांगला हलवून वीतभर अंतरावरून पातळ हात मारायचे, एकावर एक दोन-तीन. एकदम जाड मारला तर ओघळतो. गार्ड गाडीवरून काढूनच रंगवा. ब्रेकच्या डिस्कवर रंग उडाला तर ब्रेक लागत नाही. आणि हे काम चुलीजवळ अजिबात नको, स्प्रे चटकन पेट घेतो. आमच्या त्या पोरानं गार्ड टाकीसारखं काळं केलं, कडेला लाल पट्टी मारली आणि मागं रेडियम लावलं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की या रस्त्यावर रात्रभर उसाचे ट्रॅक्टर चालतात, तेव्हा ते रेडियम कामाला येईल.

ज्यांच्याकडं शिलाई मशीन आहे त्यांनी सीट कव्हर घरीच शिवावं. रेक्झिनला अठरा नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा लागतो, टाका मोठा ठेवायचा. बारीक टाक्यानं रेक्झिन ओळीनं फाटतं. मागं धरायची मूठ मात्र कव्हराखाली झाकू नका.

साडीगार्ड असलं तरी बसताना पदर कमरेला खोचून घ्या, ओढणीची दोन्ही टोकं पुढं बांधा. पुढच्या बैठकीला ज्या गाडीवरून याल तिच्या मागच्या चाकाकडं एकदा बघून या. आमच्या गटात बघितलं तेव्हा अकरा गाड्यांपैकी चारच गाड्यांना गार्ड होतं.