निवासी डॉक्टरांचा तास: सांगायचं की विचार करायला लावायचं?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं वैद्यकीय शिक्षणात काय काम, असं काहींना वाटेल. पण ‘शिकणं म्हणजे काय’ हा प्रश्न मुळात आमचाच. रुग्णालयात तो जास्त तातडीचा होतो, इतकंच.

निवासी डॉक्टर, म्हणजे आपले रेसिडेंट, एमबीबीएस झालेले असतात. आता काम करता करता एखाद्या शाखेत तयार होत असतात. अमेरिकेत या पद्धतीचा पाया 1889 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम ऑस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. ऑस्लर यांचा आग्रह होता तो रुग्णाच्या खाटेशेजारी शिकण्याचा. आणि दुपारच्या तासाला बऱ्याचदा काय दिसतं? अंधारी खोली, एकामागून एक स्लाइड, त्या वाचून दाखवणारा एक जण, आणि रात्रीची ड्युटी करून आलेले, डुलक्या घेणारे बाकीचे. हा दोष डुलक्यांचा नाही, तासाचा आहे.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने 1949 च्या आपल्या ग्रंथात एक भेद मांडला: अमुक गोष्ट ‘माहीत असणं’ वेगळं आणि ती ‘करता येणं’ वेगळं. पीठ, पाणी, तवा यांची सगळी माहिती पाठ असली म्हणून भाकरी थापता येत नाही. रेसिडेंटकडे माहिती भरपूर असते. प्रवेश परीक्षेने ती तपासलेलीच असते. त्याला हवा असतो निर्णयाचा सराव.

तो वर्गात कसा द्यायचा? एक केस घेऊ. पावसाळ्यात कोकणातला एक भातशेती करणारा माणूस आला आहे. चार दिवस ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल. एवढंच सांगून थांबायचं. आता काय विचाराल? काय तपासाल? मग पुढचा तुकडा: प्लेटलेट कमी, लघवी कमी. डेंग्यू की लेप्टो? रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं, की औषध सुरू करायचं? प्रत्येकाने आधी आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मग चर्चा. लिहिल्यामुळे मागच्या बाकावरचाही सुटत नाही.

याला प्रयोगाचा आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एका पद्धतीत उतारा पुन्हा वाचायचा होता, दुसरीत तो आठवून लिहायचा होता. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे ऐकताना ‘कळलं, कळलं’ वाटतं, ते फसवं असू शकतं.

यावर कोणी म्हणेल, मग व्याख्यान बंदच करा, घरून वाचून या म्हणावं. पण रेसिडेंटला घर असतं कुठे? वाचायला दोन पानं द्यावीत, वीस नाहीत. परदेशात अनेक ठिकाणी आठवड्यातला अर्धा दिवस शिकण्यासाठी राखून ठेवतात, त्या वेळेत वॉर्डाचं काम दुसरे सांभाळतात. ही वेळ राखली नाही, तर नवी पद्धतही जुन्यासारखीच झोपेल. आणि अवघड विषयाची पंधरा मिनिटांची नीट मांडणी, ती हवीच.

सगळ्यात अवघड बदल शिक्षकाचा. त्याने उत्तर सांगण्याऐवजी मोठ्याने विचार करून दाखवायचा: ‘इथे मलाही शंका आहे, म्हणून मी हे आधी बघतो.’ वरिष्ठांनी शंका उच्चारली, की कनिष्ठाला ‘सर, मला माहीत नाही’ म्हणायची भीती उरत नाही. ती भीती वर्गात गेली नाही, तर वॉर्डातही जात नाही. आणि तिथे तिची किंमत रुग्ण मोजतो.

आता आपल्याकडे पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. तिथे रात्री दोन वाजता कॉलेजमधले सर शेजारी नसतील. तेव्हा उपयोगी पडेल ती स्लाइड नाही. वर्गात लागलेली, स्वतःला प्रश्न विचारण्याची सवय.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.